मिठाचं माप

१२ जून

चि. भाचीबाई,

पार्सल उघडताना जावईबापूंनी नाक मुरडू नये म्हणून या हातांनी आजवर काय काय केलं ते आधी सांगतो. दुकानातले सगळे तराजू मी केले, पारड्यांसकट. त्यांची वजनं मीच ओतली आणि कानशीने घासून काट्याला आणली. लेथ भंगारातून उचलला आणि असा सरळ केला की आता त्यावर कातलेलं बोटाला खरखरत नाही. राहत्या खोलीचं दार, दाराचं कुलूप, कुलपाची किल्ली. संडासातली बैठक, माझ्या गुडघ्यांच्या उंचीला बेतलेली. कमरेचा पट्टा, ज्याला भोकंच नाहीत. बक्कल सरकतं आणि हवं तिथे अडकतं, कारण आमच्यासारख्यांचं पोट सकाळी एका मापाचं असतं आणि संध्याकाळी दुसऱ्या. दुकानावरची पाटी: ‘माप मानू नका, वजन माना.’ रंगही माझा आणि अक्षरही. आणि पोट धुण्याचं भांडं. त्याची पाच रूपं झाली, पाचवं मी अजून वापरतो. हे सहावं तुझ्या टिचकीसाठी. यातलं काहीही शिकायला मी कोणाच्या दारात गेलो नाही.

ताईच्या पत्रातून कळलं. टिचकीला वर्गात मागे, दाराशी बसवतात, मुलं नाक धरतात, आणि चड्डी खराब होणं थांबलं नाही तर पाठवू नका असं शाळेच्या बाई म्हणाल्या. मला नवल वाटलं नाही. मला तर बसवलंच नव्हतं.

तिचा आणि माझा दोष एकच. जन्मतः आतड्याच्या शेवटच्या टोकाला संवेदनेच्या तारा नसतात, तेवढा तुकडा पुढे ढकलत नाही. डॉक्टर तो कापतात आणि वरचं आतडं खाली ओढून शिवतात. माझं पाचव्या वर्षी शिवलं, तिचं पाचव्या महिन्यात. शिवलं की सगळे म्हणतात, झालं. पुढे काय ते कोणी सांगत नाही. शिवलेल्या आतड्याला अक्कल नसते. ते एकतर धरून ठेवतं नाहीतर सोडून देतं. रोज सकाळी खालून नळीने पाणी सोडून, धुऊन रिकामं केलं की दिवसभर गुमान राहतं. एवढंच.

भांड्याला काचेची खिडकी आहे, पाणी किती उरलं ते दिसतं. लाल रेघेपर्यंत कोमट पाणी, त्यात एक माप मीठ. साधं पाणी कधीही नाही. आतडं ते पिऊन टाकतं आणि पोर सुजते. पितळी माप लेथवर कातलं आहे. मीठ भर, फळीवर दोनदा ठोक, पुन्हा भर, सुरीच्या पाठीने सपाट कर. गिऱ्हाइकांना मी मापाच्या वाऱ्याला उभं राहू देत नाही, पण तुझ्या घरी शाळेच्या घाईत तराजू कोण लावणार? म्हणून तुझ्यासाठी वजनच मापात कोंडून पाठवलं आहे. डोळे मिटून वापर.

तुझा मामा


२८ जून

प्रिय मामा,

हत्ती पोचला! भांड्याला हे नाव टिचकीने ठेवलं, नळीच्या सोंडेवरून. तुझ्या जावईबापूंनी नाक अजिबात मुरडलं नाही, उलट अर्धा तास तोटी उघडझाप करत बसले. शेवटी मीच ओरडले, “अहो, ते पोरीसाठी आहे!”

मामा, मला नीट लिहिता येत नाहीये. सलग दहा दिवस चड्डी कोरडी. दप्तरात जादा कपड्यांची पिशवी ठेवत होते, ती परवा तिने स्वतः काढून ठेवली. बाईंनी तिला दुसऱ्या बाकावर आणलं. तिथे बसून तिने सगळ्यांना सांगितलं, “आमच्याकडे हत्ती आहे, तो मला रोज आंघोळ घालतो, आतून.” बाईंची चिठ्ठी आली, मुलीला खोटं बोलायची सवय लागते आहे. मी चिठ्ठीवर सही केली आणि हसत बसले.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. टिचकीला शिवलं त्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरनी सांगून ठेवलं आहे, पोट धुवायला काहीही नवीन आणलं तर आधी दाखवायचं. हत्ती नेऊन दाखवू का? दुसरं, संध्याकाळी तिचं पोट जरा तट्ट होतं. आणि पाणी फार पिते. शाळेची बाटली दुपारच्या आधीच रिकामी, घरी आली की माठापाशी. दोनदा अंथरूण ओलं केलं.

आणि तू शेवटचा डॉक्टरकडे कधी गेलास? आई म्हणते, तू सगळीकडून वाळलास आणि पोट तेवढं पुढे आलं. माझ्या लग्नातही जेवणाची पानं मांडली तेव्हा तू गायब होतास, ते मी विसरलेले नाही.

तुझी भाची


६ जुलै

चि. भाचीबाई,

दुसरा बाक! पत्र तीनदा वाचलं. शेजारच्या घड्याळजीला वाचून दाखवलं, त्याला काही कळलं नाही तरी तो बरं बरं म्हणाला.

सिस्टरना दाखवायचं कारण नाही. त्या भांडं ठेवून घेतील, कागदावर सह्या मागतील, आणि तुझ्या हातात रबराची गळकी पिशवी देतील. दवाखान्यातले लोक आपलं पोट दहा मिनिटं बघतात. मी चाळीस वर्षं त्यात राहतो आहे. पुढेमागे हेच भांडं त्यांच्या वॉर्डात लागेल, त्यावर माझं नाव कोरलेलं असेल, तेव्हा बघू देत सावकाश.

संध्याकाळी पोट तट्ट होतं तर संध्याकाळीही धू. लाल रेघ, एक माप, तसंच. तहानेचं मनावर घेऊ नकोस. पोरं धावतात, तहानतात. पण मागेल तितकं पाजलंस तर अंथरूण भिजणारच, आणि ती सवय लागली की शाळेत पुन्हा तोच वास. दिवे लागले की दोन घोट, बस्स. रडली तर रडू दे. मला आईने असंच वळण लावलं.

माझी काळजी सोड. मी ठणठणीत. अलीकडे पाणी सावकाश चढतं म्हणून भांड्याचा स्टँड वीतभर उंच केला, तेवढाच काय तो फरक.

आणि लग्नाचं म्हणशील तर मला परतीची लांबची बस होती. ज्याला पोटाचा भरवसा नाही त्याने प्रवासात काही खाऊ नये, ओळीत कडेला बसावं, आणि नव्या जागी आधी संडास पाहावा, मग माणसं. टिचकीला हे हळूहळू शिकव. लहानपणी कळलं की त्याचं दुःख होत नाही. निदान मला झालं नाही.

तुझा मामा


२१ जुलै

प्रिय मामा,

उत्तराला उशीर झाला. कारखान्यात शाळांच्या कपड्यांचा हंगाम आहे, सुटीचं नाव काढलं की मुकादम मशीनकडे बोट दाखवतो.

तू सांगितल्यापासून दोन्ही वेळा हत्ती. कपडे अजून कोरडेच आहेत. बाईंनी तिला वर्गापुढे गाणं म्हणायला उभी केली. अर्ध्यात थांबली आणि खाली बसली, पण उभी तर केली.

बाकी मला काही समजत नाही. चिडचिड फार करते. वेणी घालायला गेले तर हाताला चावली. दुपारी बाकावरच झोपते असं बाई म्हणाल्या. ओठ फुटलेत, जीभ लाकडासारखी. परवा रात्री अंथरुणात दिसेना म्हणून शोधलं, तर न्हाणीघरात बादलीला तोंड लावून पाणी पीत होती. मी ओढून बाजूला केली. “दोन घोट म्हणजे दोन घोट,” म्हणून ओरडले. ती रडली, पण डोळ्यांतून पाणी आलं नाही. मामा, रडताना पाणी येत नाही असं होतं का?

माप मी तू सांगितल्याप्रमाणेच घेते, त्यात कसूर नाही. इथलं मीठ पिठासारखं बारीक मिळतं. दोनदा ठोकलं की असं गच्च बसतं की माप पालथं केलं तरी पडत नाही, टिचकी म्हणते मिठाचा किल्ला झाला. म्हणजे बरोबरच आहे ना?

हंगाम संपला की वॉर्डात नेते. तू म्हणतोस काही नाही, तर काही नसेल.

तुझी भाची


२४ जुलै

भाची,

सकाळी तार केली आहे. माप वापरू नकोस, टिचकीला पाणी दे, दवाखान्यात ने. तार पोचली असेल तर हे पत्र वाचत बसू नकोस, आधी तिला ने.

काल संध्याकाळी तुझं पत्र आलं. ‘पिठासारखं’ या शब्दापाशी थांबलो. माझ्या घरात जाडं मीठ असतं, खड्याचं. माप मी त्या खड्यांवर कातलं. खड्यांमध्ये हवा असते, पिठात नसते. शेजारून बारीक मीठ मागून आणलं. भरलं, ठोकलं, भरलं, सपाट केलं, माझ्याच काट्यावर ठेवलं. दीडपट. काटा चुकत असेल म्हणून दुसरा लावला. मग दुकानातले सगळे लावले. सगळे तेच सांगत होते.

आणि मी तुला दोन्ही वेळा धू म्हणालो. आणि पाणी तोड म्हणालो.

तारघर उघडेपर्यंत त्याच्या पायरीवर बसून होतो. मिठाशिवाय पाणी वापरू नको म्हणालो होतो ते अजूनही बरोबर आहे, साध्या पाण्याने धुऊ नकोस. पण आत्ता धुऊच नकोस. काहीच करू नकोस, घेऊन जा.

एक ओळ लिही. एक शब्द लिहिलास तरी चालेल.

मामा


१९ ऑगस्ट

मामा,

तुमची तार आली तेव्हा घराला कुलूप होतं. कोणीतरी ती दाराखालून आत सरकवली. कपडे न्यायला हे घरी आले तेव्हा त्यांच्या पायाखाली आली.

तेवीस तारखेला सकाळी टिचकी उठेना. हाक मारली, गालावर पाणी मारलं, तर नुसता डावा हात उडायला लागला, मासा उडतो तसा. यांनी तिला खांद्यावर टाकलं आणि अनवाणी पळाले. डॉक्टर विचारत होते, काय पाजलंत, काय खायला घातलंत. मी म्हणत होते, काही नाही हो, काही नाही. आणि खरंच आम्ही तिला काही पाजलं नव्हतं. धुण्याबद्दल मी बोललेच नाही, कारण त्यांना दाखवायचं नाही असं ठरलं होतं ना आपलं.

मोठ्या सिस्टरनीच विचारलं, “पोट कशाने धुतेस गं?” मग हे घरी जाऊन भांडं आणि माप घेऊन आले. सिस्टरनी आमच्या डब्यातलं मीठ मापात भरलं आणि औषधांच्या काट्यावर ठेवलं. माप खिशात टाकलं आणि डॉक्टरांकडे गेल्या.

तिच्या अंगात मीठ झालं होतं. तुम्हाला वाटेल, मग पाणी पाजलं की झालं. तसं नसतं. भरभर पाणी दिलं तर मेंदू सुजतो, म्हणून थेंब थेंब देतात. मी तिच्या उशाशी बसून ते थेंब बघत होते. शुद्धीवर आली तेव्हा तिने पहिला शब्द काढला, “दोनच घोट घेते.”

आता घरी आहे. बोलते, ओळखते, हसते थोडी. डाव्या हातात चमचा धरला की गळून पडतो. डॉक्टर म्हणतात, बघू. शाळा सध्या नाही.

मी तुम्हाला दोष देत नाही असं लिहिलं होतं, मग खोडलं. माप तुमचं होतं. बादलीपासून ओढून काढणारे हात माझे होते.

टिचकीची आई


२७ ऑगस्ट

चि. भाची,

तू मला ‘तुम्ही’ लिहिलंस. वाचलं.

भांड्यात दोष नव्हता. तोटी, नळी, उंची, काही चुकलेलं नव्हतं. हे मी स्वतःला चार दिवस सांगत होतो. मग लक्षात आलं की चूक करायला मी एकच जागा ठेवली होती, आणि ती सगळ्यात लहान होती म्हणून तिच्याकडे पाहिलंच नाही. माझ्या पाटीखाली उभं राहून लोक माझ्याशी वाद घालतात, मूठभर धान्याला काय वजन करायचं मामा, आणि मी त्यांना परत पाठवतो. तुला मात्र मी माप दिलं. डोळे मिटून वापर म्हणालो. पाटी काढलेली नाही. रोज शटर उचललं की आधी तीच दिसते.

डाव्या हाताचं वाचून मी लगेच लाकूड शोधायला लागलो. जाड मुठीचा चमचा करता येईल, बोटं पूर्ण मिटावी लागत नाहीत असा. मग लाकूड खाली ठेवलं. सिस्टरना विचार. त्या हो म्हणाल्या, आणि मूठ केवढी जाड हवी ते त्यांनी सांगितलं, तरच करीन.

ती माझ्याबद्दल काही विचारते का? नसेल विचारत तर तसं लिही.

माझ्याकडे नवीन काही नाही. एक लहानशी गंमत आहे, हिशेब लागत नाही म्हणून लिहितो. मी आत सोडतो तेवढं पाणी हल्ली बाहेर येत नाही. सगळं मोजून पाहिलं. चौथा हिस्सा कुठेतरी राहतो. स्टँड आणखी वर नेला आहे.

मामा


१५ सप्टेंबर

मामा,

आई काल तुझ्याकडून परत आली. दाराशी चप्पल काढायच्या आधी बोलायला लागली. तुझ्या पट्ट्याचं बक्कल शेवटच्या टोकाला गेलं आहे, आणि त्यापुढे तू सुतळी बांधली आहेस. दूध आणि पातळ सूप सोडून काही खात नाहीस, तेही उलटतं. लेथपाशी उभा असतोस तो कडेला धरून. तू तिला म्हणालास, “ताई, भाचीला यातलं काही सांगायचं नाही.” म्हणजे तू अजून सुधारला नाहीसच. आपलं पुन्हा तेच ठरवायचं का, डॉक्टरांना काही दाखवायचं नाही?

मी टिचकीच्या सर्जनना सगळं सांगितलं, ते न येणारं पाणी धरून. त्यांनी कागदावर चित्र काढलं. चाळीस वर्षांपूर्वीची शिवण आवळत आवळत नळीएवढी राहिली असणार. तिच्या वर आतडं पोत्यासारखं फुगलं आहे आणि तू त्या पोत्यात वरून जोराने पाणी सोडतो आहेस. “स्टँड खाली घ्यायला सांगा, आजच. आणि हे पोतं फाटलं तर आधी कळवून फाटत नाही,” असं म्हणाले. मग चष्मा काढून म्हणाले, “आम्ही लहान मुलं शिवून घरी पाठवतो. ती मोठी होतात आणि परत येत नाहीत. आम्हाला वाटतं, बरी झाली.”

आतून पुन्हा शिवावं लागेल. खोली, औषधं, रक्त, सगळं धरून अठरा हजार. आमच्याकडे काय आहे ते तुला माहीत आहे, टिचकीच्या आजारात तळ खरवडून झाला.

पण ऐक. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, भांड्यासारखं भांडं त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नाही. आता टिचकीचं पोट त्याच हत्तीने धुतात, फक्त पाणी दवाखान्यातल्या बाटलीतलं. वॉर्डाला सामान पुरवणाऱ्याने तो पाहिला आणि तुझा पत्ता मागितला. मी दिला. तो येईल. मामा, ताठा सोड, भांडं वीक आणि ये. बस लांबची आहे, मला माहीत आहे. मी येऊन तुला घेऊन जाईन. गाडी थांबेल तिथे मी आधी उतरेन आणि तुझ्यासाठी जागा बघून येईन. मला त्याची लाज वाटत नाही. तुला कधी वाटली असेल तर आता पुरे.

चमच्याला सिस्टर हो म्हणाल्या. मूठ टिचकीच्या मनगटाएवढी हवी, त्यांनी दोरा मोजून दिला आहे, तो सोबत ठेवते. आणि ती विचारते. काल म्हणाली, “हत्ती मामाजोबांचा आहे ना? मग मामाजोबांचं पोट कोण धुतं?”

तुझी भाची


३ ऑक्टोबर

चि. भाचीबाई,

चमचा झाला. दोऱ्यावर तीनदा ताडून पाहिला. सोबत एक लहान तराजू आहे, त्याची वजनं आणि पारडी मी नव्याने केली. टिचकीला तो खेळायला दे. बिया, गुंड्या, काय हवं ते तोलू दे, फक्त सवय लागू दे. दोन्ही वस्तू ताईच्या हाती देतो आहे. पडून लिहितो आहे, अक्षराला हसू नकोस.

स्टँड खाली घेतला. सर्जनना तसं सांग. पण काल सोडलेलं पाणी अजून आलेलं नाही.

तुझा पुरवठादार परवा आला. बूट बाहेर काढले, तेव्हाच मला माणूस बरा वाटला. पाचवं रूप पाहिलं, काचेच्या खिडकीवरून बोट फिरवलं, तोटी कानाशी धरून उघडली. “मामा, हे तुम्ही एकट्याने?” म्हणाला. मी म्हटलं, “दुसरं कोण असणार, इथे काय कारखाना दिसतोय?” हसलो दोघंही. मग त्याने खिशातून तुझं माप काढून टेबलावर ठेवलं. सिस्टरकडून मागून आणलं होतं.

म्हणाला, “खरी करामत ही आहे. भांडी पुष्कळ मिळतात. पण माप असलं की घरोघरी खपतं. बाईमाणसाला काही विचार करायला नको, भरायचं आणि ओतायचं.”

मी म्हटलं, “माप सोडून बाकी सगळं न्या. त्याच्या जागी तोललेल्या मिठाच्या बंद पुड्या घाला, नाहीतर लहानसा काटा.”

“पुड्या ओल्या होतात, काटा महाग पडतो. लोकांना चमचाच हवा असतो, मामा.”

“कोणतं मीठ घालतील लोक?”

तो माझ्याकडे बघत राहिला, मी वेडा झाल्यासारखा. “मीठ ते मीठ,” म्हणाला.

मी त्याला टिचकीचं सांगितलं. सगळं सांगितलं, तोलून दाखवलं. तो खरंच हळहळला. मग म्हणाला, एका घरात असं झालं म्हणून शंभर घरांतली पोरं शाळेत जायची थांबवायची का? हवं तर तळाला बारीक अक्षरात लिहू, जाडं मीठ वापरा. आणि मापावर, भांड्यावर नव्हे, मापावर, तुमच्या नावाचा शिक्का. कारण गिऱ्हाईक हातात तेच धरतं.

भाची, ते नाव मला किती वर्षं हवं होतं हे तुला लिहिलं होतं. शंभर न्हाणीघरं डोळ्यांसमोर आली, शंभर बायका सुरीच्या पाठीने मीठ सपाट करताना, माझ्या नावावर अंगठा ठेवून, डोळे मिटून. त्यांतली एक तरी बारीक अक्षरं वाचणार नाही. तू तर माझ्या पाटीवरचं ठळक वाचूनही माझ्या मापावर विश्वास ठेवलास.

माप त्याला परत दिलं नाही. तो गेल्यावर लेथवर धरून त्याचा बुकणा केला. लेथपाशी तेवढा वेळ उभं राहणं जमलं, हे तुला बरं वाटावं म्हणून लिहितो.

घ्यायला येणार म्हणतेस तर ये. पुढच्या आठवड्यात ये, किंवा जमलं तर आधी ये. खिडकीची नको, कडेची जागा घे. पैशांचं मात्र विचारू नकोस, ते तुला दारात येऊन कळायला नको म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. पुरवठादाराची अट अशी होती: भांडं, नळी, स्टँड आणि माप, चारही एकत्र, माप वगळून काही नाही, कायमचे हक्क त्याचे. वीस हजार, रोख, पाकीट टेबलावर. मी नाही म्हणालो.

तुझा मामा